वृद्धांचे चर्वण आणि शरीरातील चयापचय

दात पडले की मनुष्याचे अन्न कमी होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते नेहमीच कमी होते असे नाही. ते बदलते, आणि खरा अपाय बहुधा ह्या बदलातच असतो. भाकरी सुटते आणि तिच्या जागी मऊ भात येतो. भाजलेले चणे, शेंगदाणे, काकडी, पेरू हे पदार्थ ताटातून हळूहळू नाहीसे होतात. त्यांची जागा शिरा, साबुदाण्याची खीर, चहात बुडविलेला पाव आणि बिस्किटे घेतात. प्रांतोप्रांती पदार्थांची नावे बदलतात, बदलाची दिशा तीच राहते. पोट भरलेले असते, त्यामुळे घरच्या माणसांनाही वृद्धाचे जेवण ठीक चालले आहे असे वाटते. परंतु त्या जेवणातील तंतुमय भाग व प्रथिने घटलेली असतात आणि पिष्ट व साखर वाढलेली असते.

चर्वण ही क्रिया दिसते तितकी साधी नाही. पुढचे दात घास तोडतात, दाढा तो दळतात, जीभ व गाल तो पुन्हापुन्हा दाढांखाली लोटतात आणि लाळ त्याचा गोळा बांधते. प्रौढाला एकूण 32 दात असले, तरी सुमारे 20 नैसर्गिक दात शिल्लक असल्यास बहुतेक अन्न चावता येते. ऐंशीव्या वर्षी 20 दात शाबूत असावेत, ही मोहीम जपानमध्ये 1989 साली ह्याच विचाराने सुरू झाली. मात्र नुसते दात मोजून भागत नाही. वरची व खालची दाढ एकमेकींवर टेकली पाहिजे. म्हणून चर्वणशक्ती प्रत्यक्ष मोजतात. 1950 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत माणसास शेंगदाणे चावावयास देऊन तो चोथा चाळणीतून गाळला जाई.

आता चयापचयाकडे वळू. जेवणातील तंतू साखरेचे शोषण मंद करतात. रक्तात आलेली साखर इन्शुलिनच्या प्रभावाखाली मुख्यतः स्नायूंमध्ये शिरते. वार्धक्यात स्नायू आधीच झिजत असतात. त्यात प्रथिने कमी पडली की ते अधिक आक्रसतात आणि साखर सामावण्यास जागा उरत नाही. वजन तेवढेच दिसते. पण स्नायू जाऊन त्या ठिकाणी चरबी आलेली असते.

प्रत्येक घास बत्तीस वेळा चावला म्हणजे साखर आटोक्यात राहते, हा उपदेश मात्र जपून घ्यावा. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात भात, बटाटा, मका व सफरचंद नीट चावून खाल्ल्यास साखर अधिक चढली, न चावता गिळल्यास कमी. त्यात नवल नाही. बारीक दळलेले पिष्ट लवकर पचते. म्हणजे चर्वणाचे महत्त्व कोणते अन्न ताटात येऊ शकते, ह्यात अधिक आहे.

हा संबंध उलट बाजूनेही चालतो. मधुमेहात हिरड्यांचा रोग बळावतो आणि दात सैल होतात. हिरड्यांची ती दीर्घकाळची सूज साखर आवरणे कठीण करते. हिरड्यांवर उपचार केल्यास मधुमेही रोग्याची सरासरी साखर थोडी उतरते, असेही आढळले आहे. शिवाय तंबाखू व दारिद्र्य दातांचा नाश करतात तसा प्रकृतीचाही. तेव्हा दात कमी आणि मधुमेह अधिक असे पाहणीत आढळले, एवढ्यावरून दातांनाच दोषी ठरविणे घाईचे होईल.

कवळी बसविली की प्रश्न सुटला, हाही असाच एक समज. पूर्ण कवळीने येणारा चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चतुर्थांश, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. त्याहून चिवट असते ती सवय: कवळी आल्यावरही कित्येक वृद्ध खीर-पावच खात राहतात. कवळीबरोबर आहाराचा सल्ला मिळाला, तरच ताट पालटते. ह्या कामी स्वयंपाकघर दाताचे बरेचसे काम उचलू शकते. शेंगदाणा चावत नसेल तर त्याचे कूट चालते. चण्याच्या जागी बिहारातील सत्तू चालतो. काकडी किसून दह्यात घालता येते, मोड आलेले मूग मऊ शिजविता येतात, भाकरी आमटीत कुस्करता येते. जबड्याचे हाड झिजत जाते, त्यामुळे चांगली बसलेली कवळीही काही वर्षांनी हलू लागते. ती पुन्हा तपासून न घेता पेटीत ठेवून दिली, की ताट पुन्हा मऊ भातावर येते.