आश्रयाला आलेली पिले : मिश्र कळपाचे संगोपन

कुक्कुटपालनावरील बहुतेक पुस्तके एक गोष्ट गृहीत धरतात. पिले एकाच दिवशी, एकाच उबवणी केंद्रातून आणि एकाच जातीची आणलेली असतात, असे ते गृहीत आहे. परंतु घरोघरी अनेकदा पिले येतात ती निराळ्याच वाटेने. आठवड्याच्या बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून खेळण्यासारखी विकली जाणारी पिले मुले हट्टाने घरी आणतात. मुंगसाने किंवा घारीने आई नेल्यामुळे गावठी पिले उघडी पडतात. वाहतुकीच्या गाडीतून पडलेले मांसल जातीचे एखादे पिलू रस्त्याच्या कडेला सापडते. केरळ आणि बंगालमध्ये खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसविण्याची जुनी चाल आहे. अशा अंड्यांतील उशिरा फुटलेली एकदोन पिले मागे राहतात. अशा रीतीने जमलेल्या दहा-बारा जिवांच्या टोपलीत वय, जात, रोगप्रतिकारशक्ती आणि भविष्य यांपैकी एकही गोष्ट समान नसते. त्यांना वाचविण्याची इच्छा असणे पुरेसे नसते. ही विषमता ओळखून वागणे हाच या संगोपनाचा पाया होय.

बाजारातील रंगीत पिलांविषयी एक गोष्ट आरंभीच समजून घेतली पाहिजे. ती बहुतांशी अंडी देणाऱ्या जातींची नर पिले असतात. अंड्यांतून नर आणि मादी जवळजवळ सारख्याच संख्येने बाहेर पडतात. या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगी मांसही लवकर धरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी लिंग तपासून त्यांना वेगळे काढतात. जगात अशी कोट्यवधी पिले दरवर्षी नष्ट केली जातात. जर्मनीने २०२२ च्या प्रारंभापासून या प्रथेवर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे त्यांतील काही पिले रंगवून अल्प किमतीत विकली जातात. तेव्हा अशी पाच पिले घरी आणणे म्हणजे बहुधा पाच कोंबडे घरी आणणे होय. या वस्तुस्थितीचा परिणाम पुढे चार महिन्यांनी दिसतो.

पहिले तीन दिवस

अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्यावर ते सुमारे दोन-तीन दिवस तग धरू शकते. बाजारात आलेल्या पिलाची ही शिदोरी बहुधा संपत आलेली असते. म्हणून क्रम असा असावा : प्रथम ऊब, नंतर पाणी आणि शेवटी खाद्य. गारठलेल्या पिलाला पचन होत नाही. त्याला ऊब मिळाल्यावर किंचित गूळ घातलेले कोमट पाणी द्यावे, त्यात चोच अलगद बुडवून दाखवावी आणि एकदोन तासांनी बारीक दळलेले खाद्य पुढे ठेवावे. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत. अंगावरील रंग धुण्याचा प्रयत्न करू नये. ओले पिलू गारठून मरते, आणि पिसे फुटू लागली की लव गळून रंग आपोआप निघून जातो.

गुदद्वाराशी विष्ठा वाळून चिकटली असल्यास ती कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढावी. हे न केल्यास मार्ग बुजून पिलू दगावते. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये. त्यावर पाय घसरून ते कायमचे फाकतात. भाताचे तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा यांची दोन इंच गादी योग्य ठरते.

उबेची भाषा

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पातळीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्यास ते सुमारे तीन अंशांनी कमी करीत जावे. वीस-पंचवीस पिलांच्या गटास तारेचा ६० ते १०० वॅटचा एक दिवा बहुधा पुरतो. आजचे एलईडी दिवे उजेड देतात, पण ऊब देत नाहीत, हे विसरू नये.

तापमापकापेक्षाही पिलांचे वागणे अधिक विश्वसनीय असते. सर्व पिले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजत आहे. ती कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता अधिक आहे. ती सर्वत्र विखुरलेली, खाणारी आणि झोपणारी दिसली तर ऊब योग्य आहे. मिश्र कळपात या भाषेला एक पुरवणी जोडावी लागते. दोन दिवसांचे पिलू आणि तीन आठवड्यांचे पिलू यांच्या गरजा एक नसतात. म्हणून दिवा मध्यभागी न टांगता पेटीच्या एका टोकाला टांगावा. त्यामुळे एक टोक उष्ण व दुसरे थंड राहते आणि प्रत्येक पिलू आपापली जागा निवडते. वयातील अंतर दोन आठवड्यांहून अधिक असेल तर मात्र मध्ये जाळी घालून दोन गट करणेच श्रेयस्कर. मोठी पिले लहानांना टोचतात आणि खाद्यापासून दूर लोटतात.

एका ताटात सर्वांचे जेवण

कोंबडीच्या पिलांच्या आरंभीच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने असावी लागतात. बदकाच्या पिलास तेवढीच प्रथिने चालतात. परंतु नायसिन हे जीवनसत्त्व त्याला कोंबडीच्या पिलाच्या दुपटीच्या आसपास लागते. ते न मिळाल्यास त्याचे पाय वाकतात व चाल लंगडी होते. खाद्यावर थोडे यीस्ट भुरभुरल्यास ही उणीव भरून निघते. मांसल जातीच्या पिलाची अडचण नेमकी उलट आहे. अमर्याद खाद्य मिळाल्यास ते सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरते. त्याच काळात अंड्यांच्या जातीचे पिलू जेमतेम अर्धा किलोचे होते. त्या वजनाखाली मांसल पिलाचे पाय आणि हृदय दोन्ही खचतात. त्याला जगवायचे असेल तर खाद्य मोजून व ठरलेल्या वेळीच द्यावे आणि त्याला फिरावयास लावावे.

कळपात प्रौढ कोंबड्या असतील तर त्यांचे खाद्य पिलांना देऊ नये. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असते, तर वाढत्या पिलाला सुमारे एक टक्काच पुरते. जादा कॅल्शियमने पिलाची मूत्रपिंडे बिघडतात. यावर सोपा उपाय असा, की सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी. ज्या कोंबडीला गरज असते ती ती आपण होऊन खाते.

शेंगदाण्याची पेंड वापरताना विशेष दक्षता हवी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडला. तिच्यावर वाढलेल्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे विष तयार केले होते. बदकाची पिले या विषाला अतिशय संवेदनशील असतात. पावसाळ्यात दमट झालेली किंवा कुबट वासाची पेंड, मका वा तांदळाची कणी स्वस्त म्हणून कधीही वापरू नये.

पाणी : मैत्रीतील अडसर

बदक आणि कोंबडी यांची पिले पहिल्या आठवड्यात एकत्र निजतात, हे दृश्य मोहक असते. परंतु बदकाच्या पिलाला नाकपुड्या धुण्याइतके खोल पाणी लागते आणि ते पाणी ते सर्वत्र उडविते. ओल्या गादीत कॉक्सिडिया या परजीवींची बीजांडे एकदोन दिवसांत रोगकारक बनतात. त्यांच्यामुळे तीन ते सहा आठवड्यांच्या कोंबडीच्या पिलांना रक्ती हगवण लागते. बदकांचे कॉक्सिडिया वेगळे असतात, ते कोंबड्यांना बाधत नाहीत. बदक येथे रोग देत नाही, पण रोगाला लागणारी ओल देते. म्हणून आठवड्याभरानंतर बदके निराळी करावीत, किंवा त्यांचे पाणी जाळीच्या चौकटीवर ठेवून खालची जागा कोरडी राखावी. बदकाच्या पिलांना लगेच पोहावयास सोडणेही धोक्याचे असते. आईच्या पिसांतील तेल त्यांच्या लवेला लागलेले नसल्याने ती भिजून गारठतात.

टर्कीची पिले तर कोंबड्यांसह मुळीच वाढवू नयेत. कोंबडीच्या आतड्यातील एका जंताच्या अंड्यांतून हिस्टोमोनास हा परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचा उपद्रव थोडा होतो, परंतु टर्कीचे यकृत त्याने सडते.

रोग आणि विलगीकरण

ज्यांचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशा पिलांना लस टोचलेली आहे असे समजू नये. नवी पिले जुन्या कळपापासून निदान तीन-चार आठवडे दूर ठेवावीत. रोजची कामे प्रथम निरोगी जुन्या कळपाची आणि शेवटी नवागतांची करावीत. पादत्राणे व भांडीही वेगळी असावीत.

भारतात ज्याला मानमोडी म्हणतात तो रोग १९२७ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे ओळखला गेला. त्यावरून त्याला राणीखेत हे नाव मिळाले. त्याची सौम्य लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकून देतात. जोरकस लस आठ आठवड्यांनंतर टोचतात. मरेक रोगाची लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते, कारण पिसांच्या कोंड्यातून पसरणारा हा विषाणू पिलांना अगदी लहान वयातच गाठतो. लस दिलेला पक्षी स्वतः आजारी पडत नाही, तरी विषाणू पसरवू शकतो. त्यामुळे लसवंत आणि लसहीन पिलांचे एकत्र राहणे दुसऱ्यास घातक ठरते. लसीचे वेळापत्रक स्थानिक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.

बर्ड फ्लूचा विचारही मिश्र कळपात टाळता येत नाही. भारतात त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथे आढळला. बदके बाह्यतः निरोगी दिसत असतानाही हा विषाणू बाळगू शकतात. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास मृत पक्षी हाताळू नयेत व पशुसंवर्धन खात्यास तत्काळ कळवावे.

ओळख आणि अधिकार

१८७३ मध्ये डग्लस स्पॅल्डिंग याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अंड्यातून निघताच पिलांचे डोळे टोपीने झाकून त्याने ती टोपी निरनिराळ्या दिवशी काढली. पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस पाहिलेली पिले त्याच्यामागे धावू लागली. चौथ्या दिवसाच्या सुमारास टोपी निघालेली पिले मात्र भयाने पळाली. पुढे कोनराड लोरेन्झ याने हंसपिलांवर या घटनेचा सखोल अभ्यास केला. त्याला १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या ज्ञानाचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. एकटे पिलू माणसालाच आपले समजते आणि पुढे स्वजातीयांत मिसळत नाही. म्हणून त्याला शक्य तितक्या लवकर सोबती द्यावा. बदकाचा नर कोंबड्यांतच वाढला तर वयात आल्यावर तो कोंबड्यांशी समागमाचा प्रयत्न करून त्यांना गंभीर इजा करू शकतो. बदकांना बदकांचीच संगत हवी.

सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान पिलांमध्ये टोचाटोची वाढते. नॉर्वेचा थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे याने १९२२ मध्ये दाखवून दिले, की हा गोंधळ नसून क्रम असतो. कोणी कोणाला टोचावे हे एकदा ठरले की कलह ओसरतो. नव्या पिलाच्या आगमनाने तो क्रम मोडतो. म्हणून नवागतांस प्रथम जाळीपलीकडून दाखवावे, नंतर संध्याकाळी एकत्र करावे आणि एकट्यास कधीही सोडू नये. खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. जागा पहिल्या चार आठवड्यांत दर पिलास अर्धा चौरस फूट, आठ आठवड्यांपर्यंत एक आणि पुढे दोन चौरस फूट असावी. एखाद्या पिलास रक्त आले तर त्यास तत्काळ बाजूला घ्यावे. तांबडा रंग इतरांस पुन्हा पुन्हा टोचण्यास प्रवृत्त करतो.

अंगणात पाऊल

पाच-सहा आठवड्यांत अंगावर पूर्ण पिसे आली की पिलांना दिवसा बाहेर सोडता येते. घार व कावळा यांच्यासाठी वर जाळी हवी. मुंगूस आणि घूस यांच्यासाठी जाळी जमिनीत फूटभर पुरावी. खुराड्यात बसण्यासाठी दांडी असावी. मात्र मांसल जातीच्या जड पक्ष्यासाठी ती अगदी खाली ठेवावी, कारण उडी मारताना त्याचे पाय मोडतात. बदके दांडीवर बसत नाहीत, त्यांना जमिनीवर कोरडे अंथरूण पुरते.

नरांचा प्रश्न

तिसऱ्या महिन्यात मान व पाठीवरील पिसे लांब, टोकदार आणि चकचकीत होऊ लागली की नराविषयी शंका उरत नाही. तोपर्यंत पहिली आरवणीही ऐकू आलेली असते. येथे अनेकांचा उत्साह ओसरतो. आठ-दहा तलंगांमागे एक कोंबडा पुरतो. त्याहून अधिक नर असल्यास माद्यांची पाठ सोलून निघते आणि नर आपसांत लढतात. शेजाऱ्यांची झोपमोडही खरीच.

मार्ग मोजकेच आहेत, आणि त्यांचा विचार पिले घेतानाच व्हावयास हवा. केवळ नरांचा निराळा कळप करावा. माद्या नजरेआड असतील, जागा मोकळी असेल आणि ते एकत्र वाढलेले असतील, तर असे नर बहुधा शांतपणे नांदतात. दुसरा मार्ग म्हणजे मोकळी जागा असलेल्या कुटुंबास ते देणे. मात्र तेथे त्यांचे काय होणार हे आधी विचारून घ्यावे. असील जातीचा रक्तांश असलेला दणकट कोंबडा झुंजीसाठी मागितला जाण्याचा संभव असतो. प्राण्यांना झुंजविणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. ज्या घरात कोंबडी खाल्ली जाते तेथे तो ताटात जाईल, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मुलांपासून ते लपविण्यापेक्षा निर्णय मोठ्यांनी आधी घेणे बरे. त्याला रस्त्यावर वा रानात सोडून देणे हा मात्र पर्याय नव्हे. पाळीव जातीचा पक्षी तेथे फार काळ तगत नाही.

कोंबडी सहज पाच ते आठ वर्षे जगते, तर तिचा अंड्यांचा भर पहिल्या दोन वर्षांत असतो. म्हणजे बाजारात दहा मिनिटांत घेतलेला निर्णय अनेक वर्षे निभवावा लागतो. म्हणून पिलू हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टींची उत्तरे द्यावीत : पहिल्या आठवड्यात रात्री उठून दिवा कोण पाहील, पावसाळ्यात कोरडी जागा कोठे मिळेल, आणि पाचव्या महिन्यात कोंबड्याला कोण सांभाळील. ही उत्तरे हाती असतील तर निरनिराळ्या वाटांनी आलेली ती पिले एका अंगणात सुखाने वाढतात. ती नसतील, तर रंगीत पिलांच्या टोपलीपुढून मुलाचा हात धरून पुढे जाणे हीच त्या पिलांवर केलेली दया होय. मागणी घटली, तरच ती टोपली एक दिवस बाजारातून उठेल.