जिओकॅशिंग : अक्षांश-रेखांश पायाखाली आणणारा खेळ



'अक्षवृत्ते म्हणजे काय?' असं विचारलं की सहावीचा वर्ग व्याख्या घडाघडा म्हणतो. 'मग आपली शाळा कोणत्या अक्षांशावर आहे?' असं विचारलं की वर्ग शांत. आकडा पुस्तकात राहतो, जमिनीवर उतरत नाही. तो उतरवणाऱ्या एका खेळाची ओळख आज करून घेऊ.

खेळ काय आहे?

एकाने डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबा होता तसाच ठेवायचा. इथे 'कॅश' म्हणजे पैसे नव्हेत, तर लपवलेला साठा.

पूर्वी अमेरिका सामान्य लोकांसाठीचा जीपीएस संकेत मुद्दाम ढोबळ ठेवत असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला हे बंधन उठलं. ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ जगभर पसरला.

डोंगरातला एक दिवस

मे महिन्याच्या सुट्टीत मी सिडनीला बहिणीकडे गेले होते. तिथून रेल्वेने साधारण दोन तासांवर ब्लू माउंटन्समधलं कटूम्बा हे गाव आहे, सुमारे १००० मीटर उंचीवर. निलगिरीची झाडं, काटेरी झुडपं, वालुकाश्माचे उभे कडे. अशा रानाला तिकडे 'बुश' म्हणतात. बहीण, तिचा दहा वर्षांचा मुलगा आणि मी तीन डबे शोधायला निघालो.

पहिली गंमत आकड्यांतच होती. तिथले आकडे 'दक्षिण ३३ अंश ४२.५०० मिनिटे' अशा स्वरूपाचे असतात. उत्तरेकडे चाललो की अक्षांशाचा आकडा *कमी* होत होता! आपल्याकडे तो वाढतो. दुपारी सूर्य उत्तरेला आणि आमच्या सावल्या दक्षिणेला. विषुववृत्ताच्या 'पलीकडे' असणं म्हणजे काय, हे भाच्याला मी वेगळं शिकवलंच नाही. त्याने ते पाहिलं.

दुसऱ्या डब्याजवळ मात्र खरी परीक्षा झाली. मोबाईलवर बाण सरळ झुडपांत दाखवत होता. "मावशी, चाळीसच मीटर आहे गं! इथूनच जाऊ." बहिणीने त्याला थांबवलं. "अरे, आधी नकाशातल्या रेषा बघ." समोच्च रेषा एकमेकींना अगदी चिकटलेल्या होत्या. म्हणजे झुडपांमागे कडा होता, आणि वरून तो दिसतही नव्हता. आम्ही पायवाटेने वळसा घेतला. त्याला अर्धा तास लागला. बाण *अंतर* सांगतो, *वाट* सांगत नाही. समोच्च रेषांवर मी फळ्यावर कितीतरी आकृत्या काढल्या आहेत, पण त्या रेषा कशासाठी असतात ते इतकं स्पष्ट कुठल्याच आकृतीने झालं नसेल.

जवळ पोहोचल्यावर आकडे उड्या मारू लागले. जागा नक्की करायला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. कडा आणि दाट झाडी ते अडवतात. मग मोबाईल खिशात ठेवून डोळे वापरायचे. 'इथे निसर्गाने न ठेवलेलं काय आहे?' एका खडकाच्या आडोशाला दगड जरा जास्तच नीट रचलेले होते. भाच्याने आधी काठीने दगड हलवले, कारण तिकडे विषारी साप आहेत. आत डबा, वही, पेन्सिल आणि छोटी खेळणी. त्याने एक खेळणं घेतलं, बदल्यात काचेची गोटी ठेवली. काही घेतलं तर तेवढ्याच किमतीचं ठेवायचं हा नियम आहे. खाऊ मात्र ठेवायचा नाही, वासाने प्राणी येतात.

तिसरा डबा सापडलाच नाही. पण या खेळात 'सापडला नाही' अशीही नोंद करतात. डबा हरवला असेल तर त्या नोंदीमुळेच मालकाला कळतं. अपयश लपवायचं नाही, नोंदवायचं, कारण ते दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. मला वाटतं, मुलांनी यातून घेण्यासारखी ही सर्वांत मोठी गोष्ट.

आपल्या शाळेत कसं करायचं?

साहित्य : एक मोबाईल (शिक्षकाचा), टेप, चार-पाच झाकणाचे डबे, वह्या, पेन्सिली.

१. गुगल मॅप्सवर शाळेच्या दाराचे आकडे मुलांकडून लिहून घ्या.

२. टेपने उत्तरेकडे ३३ मीटर मोजा आणि पुन्हा आकडे घ्या. अक्षांशाच्या चौथ्या दशांश स्थळात साधारण ३ ची वाढ दिसेल, कारण तिथला १ म्हणजे सुमारे ११ मीटर. दशांश अपूर्णांकाचा पाठ इथेच होतो! आकडे थोडे हलले तर का हलले, यावर चर्चा घ्या.

३. मोकळ्या जागी मोबाईलची चूक साधारण ५ मीटर धरा आणि डबे एकमेकांपासून किमान २० मीटर दूर ठेवा.

४. मुलांना आधी मैदानाचा कच्चा नकाशा काढू द्या. मगच गटागटाने शोध. प्रत्येक गटात एक वाचणारा, एक लिहिणारा, बाकीचे शोधणारे.

५. न सापडलेल्या डब्याचीही नोंद घ्या. कुठे शोधलं, ते दोन वाक्यांत लिहून घ्या.

काळजी

बिळात, कपारीत हात घालायचा नाही, हे आधीच बजावा. विंचू-साप आपल्याकडेही आहेत. जागेच्या मालकाची परवानगी घ्या. न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यानांतही डबा ठेवायला उद्यान विभागाची परवानगी लागते. गड-किल्ले, लेण्या यांच्या भिंतींत काही लपवू नका. येताना वाटेतला कचरा गोळा करून आणा. खेळणाऱ्यांची ही जगभरची चांगली सवय आहे.

पालकांनो, सुट्टीत टेकडीवर जाल तेव्हा मोबाईल मुलांच्या हातात द्या, पण एक प्रश्न विचारून : "आपण उत्तरेला चाललोय की दक्षिणेला? आकड्यावरून सांग बरं." उत्तर चुकलं तरी चालेल. दहा पावलं पुढे जाऊन ते स्वतःच दुरुस्त करतील.