डायलवरचं नाव

चि. भाच्यास,
जित्याहून मामाचे अनेक आशीर्वाद.

रोह्याच्या साखरपुड्यात तुझ्या मावशीने बातमी दिली, "पोराने घरात रोलेक्स बनवलंय, गिऱ्हाईकही ठरलंय." मामाच्या घशाखाली घास उतरेना. परतीच्या गाडीत नागोठणं, पेण, हमरापूर कधी मागे पडलं, त्याला कळलंच नाही.

घड्याळ हाताने घडवण्यात वाईट काही नाही. तुझ्या आईने फोटो दाखवला. स्टीलच्या तुकड्यातून कातलेली केस, कानशीने एकसारख्या उतरवलेल्या कडा, आणि अंगठ्याला बांधलेली चिंधी. रोलेक्सच्या 1953 च्या सबमरिनरवर हात बसवायचा असेल तर खुशाल बसव. पण डायलवर नाव कोणाचं घातलंस? रोलेक्स हे नाव हान्स विल्सडॉर्फने 1908 साली नोंदवलं. ते दुसऱ्या घड्याळावर छापून विकलं, तर 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याने सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होतो. तुझ्या आईला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

इंग्लंडच्या रॉजर स्मिथने तरुणपणी खपून एक खिशातलं घड्याळ केलं आणि आयल ऑफ मॅनवर जॉर्ज डॅनियल्सना दाखवलं. डॅनियल्स म्हणजे अख्खं घड्याळ स्वतःच्या हातांनी करणारा माणूस; त्यांची को-ॲक्सिअल रचना ओमेगाने 1999 साली बाजारात आणली. त्यांना स्मिथचं काम पसंत पडलं नाही. स्मिथने दुसऱ्या घड्याळात आणखी पाचएक वर्षं घातली. ते हातात घेऊन डॅनियल्स एकेक भाग कोणी केला ते विचारत गेले, आणि दरवेळी उत्तर एकच आलं: मी.

मामाला असं म्हणता आलं नाही. विशीत, मुंबईच्या एका दुकानात, तो मोठ्या नावाच्या जुन्या डायलखाली स्वस्त मशीन बसवत असे. एका गिरणी कामगाराने बोनसच्या पैशांतून तसं घड्याळ नेलं. पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरली म्हणून तो परत आला, तेव्हा मामा फळीमागे उभा राहिला. पुढे झाला नाही. तुझ्या आजोबांनाही हे कधी कळलं नाही.

म्हणून पुन्हा तेच विचारायचं: नाव कोणाचं? हमरापुरात एका साच्यातून ढीगभर गणपती निघतात, पण डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची, ते जाणकार लांबून सांगतो. डायलवर तुझं नाव घाल. संकोच वाटला तर नुसतं गावाचं, 'जिते' लिही.

मावशीची बातमी अर्धवटही असेल. रागाने लिहायला घेतलेलं पत्र इथवर येईतो मामा निवळला. स्क्रू निळे करतोस ना? पितळेच्या किसावर ठेव, खाली स्पिरिटचा दिवा. आधी पिवळा, मग जांभळा, साधारण 300 अंशांना निळा. निळा दिसताच उचल, नाहीतर राखाडी पडतो.

आजोबांचं एचएमटी जनता कपाटात आहे. मामा रोज सकाळी त्याला चावी देतो. 17 ज्वेलचं मशीन अजून सेकंदाला पाच ठोके देतं. ते तुझ्यासाठीच ठेवलंय, खोलून बघायचं तर बघ. सुट्टीत ये, मामा स्टेशनवर उभा असेल. अंगठा बरा झाला का, ते मात्र आजच फोन करून सांग.

तुझा,
मामा