गळ्यातील शस्त्रक्रिया आणि हृदयाची नोंद

कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर



कुंभारीच्या अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा शिकणाऱ्या शिष्याने पॅराथायरॉइडच्या शस्त्रक्रियेला केवळ गळ्यातील गाठ काढण्याचे काम समजू नये. थायरॉइडच्या पाठीमागे असलेल्या या बहुधा चार, तुरीच्या डाळीएवढ्या ग्रंथी रक्तातील कॅल्शियम राखतात. त्यांतील एखादी अनावर झाली की तिचे संप्रेरक हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढते आणि त्याचा भार हृदयावरही पडतो. व्हिएन्नात शल्यविशारद फेलिक्स मांडल यांनी १९२५ साली अशी गाठ काढली ती हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णाची. हृदयाकडे वैद्यकाचे लक्ष पुष्कळ उशिरा गेले.

कॅल्शियम वाढले की ईसीजीवरील क्यूटी अंतर, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे उद्दीपित होऊन पूर्ववत होईपर्यंतचा काळ, आखडते. दीर्घकाळ दुखणे अंगावर काढलेल्या रुग्णांत रक्तदाब चढलेला, डाव्या कप्प्याची भिंत जाडावलेली आणि झडपांवर कॅल्शियम साचलेले आढळू शकते. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर पडते हे सांगणारे इजेक्शन फ्रॅक्शन मात्र बहुतेकांत शाबूत असते, म्हणून त्या एका आकड्यावर समाधान न मानता कप्पा सैल होऊन रक्त नीट भरून घेतो की नाही, हेही इकोत तपासावे. शस्त्रक्रियेनंतर भिंतीची जाडी घटल्याचे काही अभ्यासांत दिसले, काहींत दिसले नाही. तेव्हा हृदय बरे होईल असे वचन रुग्णाला देऊ नये, पण आधीचा इको व ईसीजी केल्याशिवाय शस्त्रक्रियेला हातही घालू नये, कारण त्या नोंदीवाचून पुढील तुलनेला आधारच उरत नाही.

खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांत असते. संप्रेरक एकाएकी ओसरल्यावर उपाशी हाडे रक्तातील कॅल्शियम शोषून घेतात, क्यूटी अंतर लांबते, ठोके अनियमित होण्याचा धोका संभवतो आणि क्वचित हृदयाचे आकुंचनच दुबळे पडते, जे कॅल्शियम भरून दिल्यावर बहुधा सावरते. भारतात हा आजार अनेकदा हाडे पोखरल्यावर उघडकीस येतो आणि ड जीवनसत्त्वाची कमतरताही सर्रास असते, म्हणून येथे हाडांची ही भूक अधिक तीव्र ठरते. शिरेतून कॅल्शियम देताना ते सावकाश आणि ईसीजीवर नजर ठेवूनच द्यावे. रुग्ण डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेत असेल तर दुप्पट जपावे.

येथील रे नगर वसाहतीतील विडी कामगार बाईची हाडे दुखतात ती दिवसभर वाकून बसल्यामुळेच, असे गृहीत धरण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम व अल्ब्युमिन तपासावे. ही तपासणी स्वस्त आहे आणि टाळण्यास सबब नाही. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना, ओठांना व बोटांना मुंग्या आल्या, पेटके आले किंवा छातीत धडधडले, तर रात्र न काढता थेट रुग्णालय गाठावे, ही सूचना रुग्णाच्या घरातील भाषेत, मग ती मराठी, तेलुगू वा कन्नड असो, लिहून द्यावी आणि नातेवाइकाकडून मोठ्याने वाचून घ्यावी.