दुसऱ्याचे विवरणपत्र भरताना

प्रश्न : मुळशीतल्या माले गावात माझे ऑनलाइन सेवांचे दुकान आहे. ग्राहकांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरताना ओळखीची कोणती कागदपत्रे पाहावीत?

उत्तर : पॅन आणि आधार, दोन्ही मूळ कार्डे पाहा. नाव, जन्मतारीख जुळते का, दोन्ही जोडलेली आहेत का, हे आधी तपासा. जोडणीअभावी पॅन निष्क्रिय झाले असेल, तर परतावा अडकतो. पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून ग्राहक समोर हवा. पोर्टलवर स्वतःचा मोबाइल क्रमांक कधीही देऊ नका. उद्या नोटीस आली तर त्या माणसाला कळणारच नाही. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करून घ्या आणि पोचपावती त्याच्या हातात द्या. त्याचा पासवर्ड मात्र तुमच्या वहीत नको. लोक विश्वासाने कागद देतात, तो विश्वास जपा.