पिकअप मिसिंग मारतेय? इंजिन उघडण्याआधी एवढं तपासा

क्रेट भरून पहाटे बाजार गाठायचाय आणि गाडी चढाला ओढत नाही, उभी असताना थरथरते, आवाज तुटक येतो. अशा वेळी ‘पंप गेला’, ‘इंजिन करावं लागेल’ असं कुणी म्हटलं, तर लगेच होकार देऊ नका. चारपैकी कोणता सिलिंडर मारत नाही, हे आधी कळू द्या. खर्च त्यावरच ठरतो.

खालचे दर जुन्या डिझेल पिकअपसाठी, स्थानिक गॅरेजमधले, अंदाजे आहेत. गावागणिक आणि पार्टच्या दर्जाप्रमाणे ते बदलतात.

१. फिल्टर आणि एअर : ५०० ते १,२०० रु.
डिझेल फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा. टाकीपासून पंपापर्यंतचे पाइप आणि जोड पाहा. एअर काढल्यावर दिवसभर गाडी नीट चालते आणि सकाळी पुन्हा गचके देते, तर लाइन कुठेतरी हवा ओढतेय.

२. सिलिंडर शोधणं : २०० ते ५०० रु.
यांत्रिक पंपाच्या गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरासा सैल करतो. आवाज पडला, तर तो सिलिंडर चालू आहे. काहीच फरक पडला नाही, तर मिसिंग तिथेच. मग तो इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचा. मिसिंग त्याच्याबरोबर सरकलं तर दोष इंजेक्टरचा. जागेवरच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशनकडे वळा. तांब्याचे वॉशर मात्र नवेच टाका.

कॉमन रेल गाडीत हा नट कधीही सैल करू देऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. डिझेलची धार कातडीत घुसते. त्या गाडीला स्कॅनर लावा (५०० ते १,५०० रु.) आणि प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न डिझेल बाटलीत मोजून घ्या. जी बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते, तो इंजेक्टर आतून गळतोय.

३. दोष सापडल्यावर
- यांत्रिक इंजेक्टर : टेस्टिंग १०० ते ३०० रु., नवं नॉझल ६०० ते १,५०० रु. मशीनवरचा फवारा स्वतः पाहा. तो बारीक हवा, टोकाला थेंब नको.
- कॉमन रेल इंजेक्टर : दुरुस्ती ४,००० ते ८,००० रु., नवा १०,००० रुपयांच्या पुढे.
- टॅपेट सेटिंग : ५०० ते १,००० रु.
- हेड गॅस्केट, फेसिंगसह : १०,००० ते १८,००० रु. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होणं, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर संशय इथेच.
- पूर्ण इंजिनकाम : ५०,००० रुपयांच्या पुढे.

शेवटच्या दोन कामांना हात घालण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा (५०० ते १,००० रु.) आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. चारही चांगले आणि जवळपास सारखे असतील, तर बोअर-पिस्टनवर पैसे घालवू नका. एकच कमी असेल, तर आधी त्याचे व्हॉल्व्ह आणि गॅस्केट पाहा. चारही कमी आणि ब्रीदरमधून धूर येत असेल, तर इंजिनकामाचा अंदाज आणि गाडीची आजची बाजारातली किंमत शेजारी मांडूनच निर्णय घ्या.

कामाआधी लेखी अंदाज घ्या, काढलेले जुने पार्ट परत मागा आणि बिलावर पार्ट व मजुरी वेगळी लिहून घ्या. महिन्याभरात तेच मिसिंग परतलं, तर बोलायला तुमच्या हातात तोच कागद असेल.