शब्द सापडला, पुरावा सुटला

मुलं संगणकावर एक शब्द टाकतात, चार ओळी दिसल्या की म्हणतात, "सापडलं सगळं!" त्यांना ही खरी गोष्ट जरूर सांगा.

अमेरिकेत खटला उभा राहिला, की दोन्ही पक्षांना संबंधित कागदपत्रे एकमेकांना द्यावी लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'बार्ट' रेल्वेच्या अपघाताच्या खटल्यात अशी सुमारे ४०,००० कागदपत्रे संगणकात होती. शब्द टाकून आपण कामाची ७५ टक्के कागदपत्रे शोधली, असं वकिलांना वाटत होतं. ब्लेअर आणि मॅरन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये दाखवलं, की सापडली होती जेमतेम २० टक्के!

असं का झालं? एका बाजूचे लोक 'अपघात' लिहीत, दुसऱ्या बाजूचे 'घटना' किंवा 'अडचण'. शब्द बदलला, की पुरावा निसटला.

आता वकील आधी काही कागद स्वतः वाचून 'कामाचा', 'बिनकामाचा' अशी खूण करतात. त्यावरून संगणक शिकतो आणि बाकीचे निवडतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सुमारे ३० लाख ईमेलच्या खटल्यात ही पद्धत मान्य केली. तरी संगणकाने बाजूला काढलेल्यांतले काही कागद माणसाने वाचून बघावेच लागतात.

वर्गात करून बघा: शाळेतला एकच प्रसंग पाच मुलांना आपापल्या शब्दांत लिहायला सांगा. कोणता एक शब्द शोधला, तर पाचही कागद हाती लागतील? समानार्थी शब्दांचा पाठ तिथूनच सुरू करा.